जानेवारीत नागपूरला दोनच दिवस आहेत. चिखलपायटे आणि दुर्मीळ स्थलांतरित पक्षी कुठे पाहावेत?

तुम्ही लिहिलंय की लग्नासाठी नागपूरला येताय, शनिवार-रविवारच्या सकाळी मोकळ्या आहेत आणि त्यात पाच-सहा तलाव उरकायचे आहेत. माझं ऐका, दोनच तलाव करा. एका सकाळी एक.

महिना चांगला निवडलात. 5 ते 12 नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात इथे सगळेच दुर्बिणी घेऊन निघतात, पण तेव्हा आमचे तलाव काठोकाठ भरलेले असतात. बदकांना ते चालतं. चिखलपायट्यांना, म्हणजे काठच्या चिखलात चोच खुपसून चरणाऱ्या पक्ष्यांना, बोटभर पाणी आणि उघडा गाळ लागतो. रब्बीच्या गहू-हरभऱ्याला पाणी सुटलं की तलाव हळूहळू मागे सरकतो, मग काठाला ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. पुढे काही ठिकाणी त्यावर गाळपेरही होते. त्यामुळे निघण्याआधी पाणी किती उतरलंय तेवढं विचारून घ्या. हे सगळ्यात नेमकं कोण सांगेल तर तलावावर जाळं टाकणारे ढिवर भाऊ. कोणत्या कोपऱ्यात पक्षी बसतात हेही त्यांना पाठ असतं.

शनिवारी उमरेडकडचा मकरधोकडा धरा. पन्नासेक किलोमीटर आहे, पहाटे पाचला निघा आणि स्वेटर-कानटोपी विसरू नका. पूर्वेच्या काठावर जागा शोधा म्हणजे ऊन पाठीशी राहील, नाहीतर समोरचा प्रत्येक पक्षी काळा दिसतो. मग बसून राहा. पहिली वीस मिनिटं टिटवी ओरडून सगळ्यांना तुमची वर्दी देत राहील. ती गप्प झाली की पक्षी पुन्हा जवळ यायला लागतात.

शेकाट्या तर लगेच दिसेल, लांब गुलाबी पाय, चुकायचं कारणच नाही. खरी मजा टिलव्यांत, म्हणजे इवल्याशा चिखलपायट्यांत आहे. छोटा टिलवा चिमणीएवढा, आर्क्टिकच्या टुंड्रात जन्मलेला, आणि आपल्या गाळावर शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच मारत असतो. अशा थव्यात एखादा संथ, वाकून चालणारा, वरून सपाट तपकिरी दिसला तर नजर तिथेच ठेवा. तो टेमिंकचा टिलवा असू शकतो. छोट्याचे पाय काळे, टेमिंकचे पिवळट. पण गाळाने सगळ्यांचेच पाय काळे होतात! मी एकदा पाऊण तास एकाच पक्ष्यावर दुर्बीण लावून बसलो होतो. शेवटी तो पाण्यातून चालत बाहेर आला, गाळ धुतला गेला आणि पिवळे पाय दिसले. तो आनंद मला आजही तस्साच आठवतो. दुर्मीळ पक्षी सापडतो तो असाच, नेहमीचे पक्षी एकेक करून नीट पाहताना.

रविवारी हिंगण्याकडचं झिलपी करा, ते शहरापासून जवळ आहे. दुपारच्या पंगतीला आरामात पोहोचाल.

एक कळकळीची विनंती. पट्टकदंब दिसले, म्हणजे पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, तर त्यांच्याकडे चालत जाऊ नका. हे पक्षी तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर काही जणांनी उडतानाचा फोटो हवा म्हणून चरणारा थवा मुद्दाम उठवला. तीनदा उठवला. चौथ्यांदा ते बसलेच नाहीत, निघून गेले. मी ओरडलो नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

गाळावर पाय ठेवू नका, हे तुमच्यासाठीही. वरून वाळलेला दिसतो, आत गुडघाभर असतो.

आणि वही आणा. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते, तुमच्या तारखा जुळल्या तर तुमचे आकडेही त्यात जातील. नाही जुळल्या तरी ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, यादी टाका. थवा मोठा असेल तर दहा-दहाचे गट पाडून मोजा. ‘अंदाजे 300’ चालतं, पण नुसतं ‘भरपूर’ लिहिलं तर त्याचा पुढे काहीच उपयोग होत नाही.