शेअर्ड इंटरफेसवर आलेलं पॅकेट कोणत्या कॉन्टेक्स्टचं, हे सिस्को एएसए कसं ठरवतं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या एएसए फायरवॉलचा आउटसाइड (बाहेरच्या बाजूचा) इंटरफेस दोन कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्याच फायरवॉलमधल्या दोन आभासी फायरवॉलमध्ये, शेअर्ड आहे, दुसऱ्या कॉन्टेक्स्टच्या आयपीला पिंग जातं, राउटरवर रूटही बरोबर आहे, तरी त्याच्या मागच्या सर्व्हरपर्यंत काहीच पोचत नाही. रूट तपासणं थांबवा. पॅकेट कोणाचं हे ठरवताना एएसए रूटिंग टेबल बघतच नाही.

इंटरफेस एकाच कॉन्टेक्स्टचा असेल तर प्रश्न नाही. शेअर्ड असेल तर डेस्टिनेशन मॅक (इंटरफेसचा हार्डवेअर पत्ता) बघितला जातो. सगळ्यांचा मॅक एकच असेल तर डेस्टिनेशन आयपी, तोही नॅटमधल्या (पत्ते बदलण्याच्या नियमांमधल्या) मॅप्ड, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या, पत्त्यांशी ताडून. पिंग चालतं कारण इंटरफेसचा स्वतःचा आयपी ओळखला जातो. तुमचा सर्व्हर नॅटशिवाय पब्लिक पत्त्यावर असेल तर त्या पत्त्याला कुणीच वाली नाही. पॅकेट एसीएलपर्यंतही (कुणाला सोडायचं याच्या नियमांपर्यंत) जात नाही, म्हणून कॉन्टेक्स्टच्या लॉगमध्ये काही दिसत नाही. 'शो एएसपी ड्रॉप' मारा. 'आयएफसी-क्लासिफाय'चा, म्हणजे कॉन्टेक्स्ट न ठरल्याने टाकलेल्या पॅकेटचा, आकडा चढताना दिसेल.

उपाय: सिस्टिम स्पेसमध्ये (सगळ्या कॉन्टेक्स्टच्या वरच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये) 'मॅक-ॲड्रेस ऑटो प्रिफिक्स ७७', म्हणजे शेअर्ड इंटरफेसवर प्रत्येक कॉन्टेक्स्टला वेगळा मॅक मिळतो. मग मॅक 'ए२४डी.००' ने सुरू होतात. 'शो रनिंग-कॉन्फिग ऑल कॉन्टेक्स्ट'मध्ये बघून घ्या. लगेच राउटरवरचा एआरपी (कुठल्या आयपीचा मॅक कोणता याची नोंद) क्लिअर करा, सिस्को राउटरचं सॉफ्टवेअर आयओएस जुनी नोंद ४ तास धरून ठेवतं. स्विचच्या पोर्टवर पोर्ट-सिक्युरिटी (पोर्टवर किती मॅक चालतील याची मर्यादा) असेल तर मर्यादा आधी वाढवा, डीफॉल्ट १ मॅकचीच असते. त्याच व्हीलॅनवर (स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कवर) दुसरा एएसए असेल तर त्याचा प्रिफिक्स वेगळा हवा. फेलओव्हरची जोडी (एक बंद पडला तर दुसरा काम घेतो असे दोन एएसए) मात्र एकच धरायची.

"स्टॅटिक नॅट टाका, मॅकला हात लावू नका" हा सल्ला अजून दिला जातो आणि तो मला अजिबात मान्य नाही. उद्या कुणी नको असलेली ओळ समजून ते नॅट काढलं की सर्व्हर बंद, आणि कारण शोधायला अख्खी रात्र. शिवाय इनसाइड इंटरफेस शेअर्ड असेल तर बाहेर जाणाऱ्या पॅकेटचं डेस्टिनेशन म्हणजे सगळं इंटरनेट. त्यातल्या कुठल्या कुठल्या पत्त्याचं नॅट लिहिणार?

एक राहिलं: ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्ट पॅकेटची प्रत प्रत्येक कॉन्टेक्स्टला जाते. ट्रान्सपरंट मोडमध्ये (एएसए राउटरसारखा नाही, ब्रिजसारखा वागतो तेव्हा) इंटरफेस शेअर करताच येत नाही. आणि व्हीलॅन मोकळे असतील तर शेअर करूच नका, प्रत्येक कॉन्टेक्स्टला स्वतंत्र व्हीलॅनवरचा सबइंटरफेस द्या.