गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं

प्रश्न : स्नॉर्केलिंग करताना प्रवाळाच्या कपारीत तळहाताहून लहान, गडद निळा मासा दिसला. अंगावर एकात एक पांढरी वर्तुळं. माशांच्या तक्त्यात तो कुठेच नाही. जवळच पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा फूटभर लांब मासा फिरत होता. तो मात्र तक्त्यात ‘एम्परर एंजलफिश’ म्हणून सापडला. मग हा छोटा कोण?

उत्तर : तोही एम्पररच, अजून वयात न आलेला! तक्त्यांत बहुतेक वेळा फक्त मोठ्या माशाचं चित्र असतं, त्यामुळे अशी गफलत हमखास होते. ब्लॉख या जर्मन अभ्यासकाने 1787 मध्ये मोठ्या माशाचं वर्णन केलं. पिल्लाची मात्र 1801 मध्ये वेगळी जात म्हणून नोंद झाली. दोघांत साम्य शोधूनही सापडत नाही, तेव्हा तुमचा गोंधळ अगदी रास्त आहे.

मोठा एम्परर हद्दीच्या बाबतीत कडक. पिल्लाची नक्षी वेगळी असल्यामुळे तो त्याला प्रतिस्पर्धी समजत नाही, असं अभ्यासक मानतात.

आता खात्री कशी करायची? शेपटीकडे बघा. एम्पररच्या पिल्लात शेपटीजवळची वर्तुळं पूर्ण मिटलेली असतात. सेमिसर्क्युलेटस या भाईबंदाचं पिल्लूही निळंच, पण त्याच्या पांढऱ्या रेघा कमानीसारख्या वळून शेपटीच्या बाजूला उघड्या राहतात. हा फरक एकदा डोळ्यात बसला की पुन्हा चूक होत नाही. आणि मुळात हा एंजलफिश की बटरफ्लायफिश, अशी शंका आली तर गालाच्या खालच्या कोपऱ्यात पाहा : कल्ल्याच्या झाकणावर मागे वळलेला काटा असेल, तर तो एंजलफिश. बटरफ्लायफिशला तो नसतो.

रंगावर फार विसंबू नका. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरून जातो. नक्षी मात्र तशीच राहते, म्हणून फोटो काढताना मासा आडवा, संपूर्ण बाजू दिसेल असा टिपा. त्यासाठी कपारीत हात घालू नका, प्रवाळावर पाय तर मुळीच टेकवू नका. पिल्लू आपल्याच कोपऱ्यात घुटमळतं. पाण्यावर निवांत तरंगत राहिलात तर थोड्या वेळाने ते स्वतःच बाहेर येतं.

पुढच्या वेळी त्याहून जरा मोठा, वर्तुळं पुसट होत चाललेली आणि त्यांतून पिवळे पट्टे उमटू लागलेला मासा दिसला, तर त्याचा फोटो आम्हाला जरूर पाठवा. ती मधली अवस्था पाहायला मला फार आवडते.