डमीवर कट बरोबर येतो, मग खऱ्या डोक्यावर एक बाजू आखूड का होते?

प्रश्न थोडक्यात असा: विद्यार्थिनी कोल्हापुरात कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा कोर्स करतेय. डमीवर, म्हणजे सरावाच्या नकली डोक्यावर, ब्लंट कट (सगळी टोकं एका सरळ रेषेत) छान येतो. मावशीचे केस कापले तर डावी बाजू वर, उजवी खाली. कात्री बदलू का, की हातच बसत नाहीये? वर घरचे म्हणतात, हे काय न्हाव्याचं काम शिकतेस.

कात्री बदलू नकोस. हातही ठीकच असणार, नाहीतर डमीवर तरी कुठून जमलं असतं? तुझे चुकतायत ते पाय.

(लहान दिसतेस म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस.)

मी राजारामपुरीत १९ वर्षं पार्लर चालवते. पहिल्याच वर्षी मोठ्या जावेच्या मुलीचे केस कापायला घेतले. हनुवटीच्या खाली चार बोटं ठेवायचे ठरले होते. डावी बाजू जरा मोठी वाटली म्हणून डावी कापली. मग उजवी मोठी दिसायला लागली. दोन मांजरांना लोणी वाटून देणारं माकड होतं ना, तसं माझं चाललं होतं. शेवटी पोरीच्या कानाची पाळी दिसायला लागली तेव्हा जाऊबाईंनी माझ्या हातातली कात्रीच काढून घेतली. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. मला त्या घरात पुन्हा नीट चहा मिळायला चार महिने लागले, त्यावरून काय ते समज.

तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं ते सांगते. डमी स्टँडला घट्ट बसवलेली असते. ती मान वाकडी करत नाही, मांडीवरचा मोबाइल बघत नाही, तिला भोवरा नसतो. शिवाय स्टँड फिरवता येतो, त्यामुळे कापायची बाजू आपोआप तुझ्यासमोर येते. माणूस खुर्चीत बसला की आपण एका जागी उभे राहतो आणि हात लांब करून पलीकडची बाजू कापतो. तिथेच सगळं बिघडतं. जो सेक्शन, म्हणजे केसांचा वेगळा काढलेला भाग, कापायचा त्याच्या अगदी समोर तुझं पोट आलं पाहिजे. नाही आलं, तर तू केस नकळत स्वतःकडे ओढणार. ओढून कापलेले केस सोडल्यावर आपल्या जागी परत जातात, आणि जितक्या लांबून ओढले तितके मोठे राहतात. याला ओव्हरडायरेक्शन म्हणतात. तू मावशीच्या मागे उभी राहून कापलंस ना? मग पुढच्या बटा मोठ्या राहणारच. त्यात ज्या बाजूला जास्त सरकलीस तिकडच्या कमी, दुसरीकडच्या जास्त.

हीच गोष्ट मुद्दाम केली की कट होतो. सगळे केस मधोमध भांग पाडून दोन्ही खांद्यांवरून पुढे घे आणि सरळ कापून बघ, डमीवरच. मागे टाकलेस की पाठीवर टोक येतं. पुढे आणायला मागच्या केसांना जास्त अंतर तोडावं लागलं, म्हणून ते जास्त लांब उरले. आपल्याकडे निम्म्या बायका मागतात तो व्ही कट हाच. चूक आणि कट यांत फरक इतकाच, की एकात आपण ओढतोय हे आपल्याला माहीत असतं.

पाय बघायचे असतील तर एखाद्या जुन्या नाभिक दुकानात भावाला घेऊन जा आणि बाकावर बसून राहा. गंगावेशीकडे, महाद्वार रोडच्या बोळांत अजून अशी दुकानं आहेत. कात्री वाजते तिकडे बघू नकोस, चपला बघ. ते काका खुर्चीभोवती सतत अर्धं पाऊल सरकत असतात. कोपर कधी छातीला चिकटत नाही. आपलं काय होतं, उजव्या हाताने कापणाऱ्याला एका बाजूला कोपर मोकळं मिळतं, दुसऱ्या बाजूला ते अंगात घुसतं, मग केस धरलेली बोटं तिरपी होतात आणि रेषाही तिरपी जाते. कोपर अडकलं की हात वळवायचा नाही, आपण सरकायचं.

दुसरं कारण पाणी. ओला केस ताणला की लांबतो आणि सुकला की वर चढतो, कुरळा असेल तर फारच. तू पहिली बाजू चिंब ओली असताना कापतेस. विद्यार्थिदशेत एका बाजूला वीस मिनिटं लागतात, वर पंखा चालू. दुसऱ्या बाजूला येईपर्यंत केस अर्धे वाळलेले. दोन्ही बाजू ओल्यापणी सारख्या दिसतात आणि सुकल्यावर पहिली वर जाते. मावशीची डावी बाजू आधी कापलीस का, आठवून बघ. स्प्रेची बाटली हाताशी ठेव आणि प्रत्येक सेक्शन सोडला की एक फवारा मार.

ताणाचंही तसंच. दोन्ही बाजूंना बोटांची पकड सारखी हवी. निऱ्या घालताना एक जरी जास्त ओढली तर खालचा काठ कसा वर चढतो, तसंच.

आता मावशीकडे बघ. पायावर पाय टाकून बसली होती का? कंबर एका बाजूला कलते, खांदा उतरतो आणि आपण खांदा बघून रेषा मारतो. दोन्ही पाय खाली टेकवून बसवायचं, मोबाइल काढून घ्यायचा, गोड बोलून. मान खाली असताना सरळ मारलेली रेषा मान वर केली की सरळ राहत नाही. मी प्रत्येक सेक्शनला दोन बोटांनी कानशिलाला धरून डोकं सरळ करते. गिऱ्हाईकाला वाटतं मी लाड करतेय.

आणि कान! डमीचे कान निमूट असतात, माणसाचे बाहेर येतात. कानावरचे केस बोटांत घट्ट धरून कापलेस की कान त्यांना बाहेर ढकलतो आणि बरोबर तिथे खाच पडते. तिथे बोटं लावायचीच नाहीत. कंगव्याच्या रुंद दातांनी केस नुसते खाली सोडायचे, कानाला अंगठ्याने हलकंच दाबायचं, कंगव्यावरच कापायचं. मानेवरच्या भोवऱ्यालाही हाच नियम, तिथे जरा लांबच ठेवायचं. (दोन भोवरे दिसले तर दोन लग्नांचा विनोद करू नकोस. मी एकदा केला, बाईंचं खरंच दुसरं लग्न होतं.)

हे झालं चुकांचं. मूलभूत म्हणून एकच गोष्ट पक्की कर म्हणशील तर एलिव्हेशन, म्हणजे केस डोक्यापासून किती उचलून कापतोय. वर्गात शून्य, पंचेचाळीस, नव्वद, एकशे ऐंशी असे आकडे पाठ करून घेतात. पोरी पाठ करतात आणि कोन जमिनीपासून मोजतात. शून्याचं ठीक, तिथे केस जसे पडतात तसेच कापायचे. पण नव्वद म्हणजे त्या जागच्या कातडीपासून काटकोनात. त्यामुळे टाळूवर नव्वद आभाळाकडे जातं, कानावर भिंतीकडे आणि मानेवर मागच्या आरशाकडे.

जोतिबाला गेली असशील. तिथल्या पायऱ्या डोळ्यासमोर आण आणि प्रत्येक पायरीला एक दोरी बांधलीय असं समज. सगळ्या दोऱ्या सारख्या लांबीच्या असल्या तर खालची टोकं पायऱ्यांसारखीच वरखाली लटकतील. हा नव्वदचा कट, सगळीकडे सारखी लांबी आणि टोकांची शिडी. सगळी टोकं एका रेषेत हवी असतील तर वरच्या पायरीची दोरी सगळ्यात लांब लागेल. हा शून्याचा, ब्लंट. सगळं वजन खालच्या कडेला, म्हणून विरळ केसांना तो भरीव दिसतो आणि दाट केसांना तंबू. पंचेचाळीसला शिडी लहान होते आणि मागे मानेवर गोलाई साठते. एकशे ऐंशीला सगळे केस वर उचलून कापतात. त्यात टाळूचे आखूड आणि खालचे लांब राहतात, ज्याला पार्लरात सरसकट लेयर म्हणतात. यू, स्टेप, फेदर, काहीही नाव घे, त्यात हे चार कोन आणि मघाचं ओढणं यापलीकडे फार काही नसतं. लंडनच्या विडाल ससूनने १९६० च्या दशकात बॉबकटची दुनिया बदलली तीही याच भूमितीवर. केस धुऊन झटकले की आपोआप जागेवर पडले पाहिजेत, रोलर नको आणि फवारे नकोत, असा त्याचा हट्ट होता.

पंचेचाळीसवर तुझा हात नकळत जातो, हेही सांगून ठेवते. ब्लंट कापताना केस बोटांत धरून नीट दिसावेत म्हणून आपण बोटभर वर उचलतो. तेवढ्यानेही शिडी पडते. म्हणून पहिल्या दहा डोक्यांना बोटं न लावता कंगव्यावरच काप.

सेक्शन पातळ घे. वरच्या केसांतून खालची कापलेली रेषा, म्हणजे गाइडलाइन, दिसली पाहिजे. दिसत नसेल तर सेक्शन जाड झाला. अर्धा काढून परत क्लिपला लाव, अंदाजाने कापू नकोस. बोटांत धरून कापशील तेव्हा दुसऱ्या पेरापलीकडे कात्री नेऊ नकोस, तिथे पकड ढिली असते. शेवटी तपासताना उलट्या दिशेने जा. आडवे सेक्शन घेऊन कापलं असेल तर उभे घेऊन बघ. दोन्ही बाजूंसाठी चेहऱ्याजवळची एकेक बट दोन हातांत घे, सारख्या ताणाने हनुवटीकडे आण आणि केसांकडे न बघता आरशात बघ. फरक दिसला तरी लगेच कापू नकोस. आधी मावशी सरळ बसलीय का ते बघ, केस सारखे ओले आहेत का ते बघ, मगच कात्री उचल.

कात्रीचं एवढंच. अंगठा आणि अनामिका, अंगठ्याचं फक्त टोक आत. खालचं पातं स्थिर, हलतो तो अंगठा. विंचरताना कात्री मिटून तळहातात. साडेपाच इंची पुरते. तिने कागद कापायचा नाही, शिलाईचा दोराही नाही. आणि सायकलवरच्या धारवाल्याला ती चुकूनही देऊ नकोस. मी माझी पहिली चांगली कात्री दिली होती. त्याने प्रामाणिकपणे सुरीसारखी धार लावून दिली, आणि त्या दिवसापासून ती केस कापायच्या ऐवजी दुमडायला लागली.

घरच्यांचं म्हणशील तर पुढच्या वेळी सगळ्यांना घेऊन पन्हाळ्याला जा. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला असताना महाराजांचं सोंग घेऊन पालखीत बसला आणि मारला गेला तो शिवा काशीद न्हावीच होता. गडावर त्याचा पुतळा आहे, त्याच्यासमोर उभं राहून हा प्रश्न परत विचारायला सांग.

मावशीचं आता काय करायचं ते सांगते. आज काहीच कापू नकोस. केस धुऊन, पंख्याखाली नुसते सुकू देऊन, मधोमध भांग पाडून बघ. नुसतं सुकवूनच निम्मा फरक गेला तर तेवढा कापण्याचा नव्हताच. उरलेला उजव्या बाजूचा असेल, तर ती बाजू परत ओली करून, तिच्या समोर उभी राहून, दोन वेळा मिळून अर्धा इंच. डावीला हात लावायचा नाही, कितीही खाज सुटली तरी.