होडी वाऱ्यावर चढत नाही: कील बदलू की पंखा?

प्रश्न: माझी 31 फुटी, लांब कीलची (बुडाखालच्या कण्याची) शिडाची होडी पणजीजवळ मांडवीत असते. दुपारच्या वायव्य वाऱ्यात मालवणकडे निघालो की ती वाऱ्याशी 60 अंशांपेक्षा जवळ जातच नाही. शिडं बारा वर्षांची, इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) तीन स्थिर पात्यांचा. फिन कील (बुडाखाली मधोमध आखूड पातं) बसवावी, की पाती मिटणारा पंखा?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर: कीलला हात लावू नका. लांब कील म्हणजे होडीचं बूडच. ती कापायची तर वजन, सुकाणू, सगळंच नव्यानं मांडावं लागेल. तेवढ्यात दुसरी होडी येईल. शिवाय मांडवीच्या मुखाशी वाळू साचते. तिथे बूड टेकलंच, तर पंखा आणि सुकाणू कीलच्या आडोशाला राहतात.

खरा संशय शिडांवर आहे. जुनं डेक्रॉन (शिडाचं पॉलिस्टर कापड) ताणलं जातं आणि शिडाचं पोट मागे सरकतं. मग ओढ पुढे कमी, बाजूला जास्त. होडी कलते, सुकाणू जड होतं आणि लांब कीलची होडी अशा वेळी बाजूला फार घसरते. दहा-बारा नॉट (तासाला सागरी मैल) वाऱ्यात बूमखाली, म्हणजे मुख्य शिडाच्या तळच्या आडव्या दांड्याखाली, आडवं पडून मुख्य शिडाचा वर फोटो घ्या. पोट निम्म्याच्या मागे दिसलं तर हॅलयार्ड (शीड वर खेचणारा दोर) ताणा. तरी पुढे येत नसेल तर कापड संपलं. नवा जेनोआ (डोलकाठीच्या मागेपर्यंत येणारं पुढचं शीड) डोलकाठी ते पुढच्या ताणदोराच्या तळापर्यंतच्या अंतराच्या 130 टक्क्यांच्या आसपास घ्या, पुढच्या कडेला फोमची पट्टी लावून; नाहीतर वारा वाढल्यावर अर्धा गुंडाळला की त्याची पिशवी होते. गुंडाळताना शीटची (शीड ओढणाऱ्या दोराची) सरकती कार पुढे घ्यायला विसरू नका.

पंखा दुसऱ्या नंबरावर. हलक्या वाऱ्यात तीन स्थिर पाती अर्धा नॉट सहज खातात. पण तुमचा पंखा कील आणि सुकाणूमधल्या खाचेत असेल, तर मागे मिटणारी पाती सुकाणूला अडतील. तिथे पाती प्रवाहाच्या दिशेला वळवणारा फेदरिंग पंखाच चालतो. रिव्हर्सलाही तो चांगला ओढतो. स्वस्तातला उपाय दोन पात्यांचा पंखा: पाती उभी असताना पंख्याच्या शाफ्टवर (फिरत्या दांड्यावर) आतून रंगाची खूण करा, शीड लावल्यावर खूण जुळवून शाफ्ट अडकवा. पाती कीलच्या सावलीत लपतात. मात्र ओहोटीच्या ओढीविरुद्ध मुखातून आत येताना जोर कमी पडेल. गिअर कुठल्या स्थितीत ठेवायचा, ते गिअरबॉक्सच्या पुस्तिकेत पाहा.

आणि हे सगळं बूड व पंखा खरवडल्यावरच. मांडवीत बार्नेकल (बुडाला चिकटणारे कवचधारी जीव) भराभर धरतात. त्यांनी भरलेल्या पंख्यावर इंजिन पूर्ण आरपीएम गाठत नाही, आणि माणूस उगाच पिच (पात्यांचा पीळ) चुकलं म्हणून पंखा बदलतो.