चार स्क्रूंची गिटार

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

‘यातली कुठली घेऊ?’ म्हणून तू पाठवलेले इलेक्ट्रिक गिटारींचे तिन्ही फोटो पाहिले. एक काळी, एक लाल, एक जांभळी. तिघींच्याही अंगाला शिंगं आणि ब्रिजला, म्हणजे अंगावर तारा जिथं अडकवतात त्या भागाला, चकचकीत दांडी. ‘यातली कुठलीच नको’ एवढं टाइप केलं होतं, मग पुसलं. तू लगेच ‘का, काका?’ विचारणार, आणि मला मोबाइलवर अंगठ्यानं मोठं लिहिणं जमत नाही. म्हणून हा कागद.

शिंगांवर माझा राग नाही. मांडीवर नीट बसत नाहीत, एवढंच. राग आहे तो दांडीवर.

बेंजो पार्टी सोडून मी गिटारकडे वळलो, तेव्हा पहिली घेतली ती अशीच, तरंगत्या ब्रिजची. दांडी दाबली की सूर उतरतो, सोडली की जागेवर येतो. म्हणजे यायला हवा. आत काय चाललेलं असतं ते समजून घे. नऊ नंबरच्या, म्हणजे बारीक, सहा तारा सुरात लावल्या की त्या मिळून अंदाजे ३८ किलोच्या जोरानं ब्रिजला ओढतात. साध्या गिटारीत ब्रिज लाकडात स्क्रूंनी पक्का आवळलेला असतो, त्याला काही फरक पडत नाही. तरंगत्या ब्रिजला मात्र मागच्या खोबणीतल्या स्प्रिंगा धरून ठेवतात. पुढून तारा, मागून स्प्रिंगा, रात्रंदिवस रस्सीखेच. एक तार उतरवली की बाकीच्या पाच चढतात. त्या उतरवायला जावं तर पहिली पुन्हा बिघडते.

गणपतीत आमच्या गल्लीच्या स्टेजवर दुसऱ्याच गाण्याला माझी एक तार तुटली. साध्या गिटारीवर माणूस उरलेल्या पाच तारांत गाणं निभावून नेतो. माझ्या स्प्रिंगा जिंकल्या आणि पाचही तारा वर चढल्या. गायक पेटीच्या पांढरी चारमध्ये, आणि मी पांढरी चार व काळी तीन यांच्या मधल्या कुठल्या तरी बोळात. घरी रात्र-रात्र सूर लावत बसायचो. वडील मिलमध्ये जॉबर, माग लावण्यात आयुष्य गेलेलं. एकदा दारात उभे राहून म्हणाले, ‘काय करूलालास बे? वाजवूलालास का दुरुस्त करूलालास?’

म्हणून तुझ्यासाठी जागचा न हलणारा ब्रिज. दुकानात त्याला हार्डटेल म्हणतात. पिकअप (तारांचा आवाज पकडतो तो, पुढे सांगतो) एक किंवा दोन, एक व्हॉल्यूम, एक टोन, आणि स्क्रूंनी जोडलेला नेक, म्हणजे गिटारीची लांब मान. बस.

हे तुला हलक्यातलं वाटेल. पण लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यानं १९५० मध्ये सपाट फळीची गिटार बाजारात आणली. नेक चार स्क्रूंवर, बिघडला तर काढून दुसरा बसवा. ब्रॉडकास्टर हे तिचं नाव दुसऱ्या एका कंपनीच्या ड्रमच्या नावाशी भिडलं म्हणून बदलावं लागलं आणि १९५१ पासून ती टेलिकास्टर झाली. आजही जवळपास तशीच बनते. गिब्सन या दुसऱ्या कंपनीनं १९५४ मध्ये शिकणाऱ्यांसाठी लेस पॉल ज्युनिअर काढली: एक पिकअप, दोन बटणं. पुढे भल्याभल्यांनी तीच स्टेजवर वाजवली. ज्यानं रेडिओ उघडून पाहिलेत, त्याला कुठला भाग आधी बिघडणार हे ठाऊक असतं. फेंडरच्या गिटारीत ते दिसतं.

स्वस्तात हाच आकार हवा तर फेंडरची स्क्वायर आहे, गिब्सनची एपिफोन आहे, पण तुझ्या पैशांत बसते का ते विचारून बघ. कमी माहितीच्या नावांच्याही बऱ्या निघतात, फक्त हातात घेऊन पाहाव्या लागतात. यामाहाची पॅसिफिका चांगली, पैशांत बसली तर. तिच्या स्वस्त मॉडेलला दांडी असते, पण मागच्या स्प्रिंगा आवळून ब्रिज लाकडाला टेकवता येतो. तेवढं मी करून देईन. दांडी काढून कपाटात टाक.

लाकडाच्या नावांवर मात्र वेळ घालवू नकोस. तुझ्या पैशांत पिकअप काय ऐकतो ते जास्त महत्त्वाचं. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. केसासारखी बारीक, सात-आठ हजार वेढे. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात मागाच्या मोटारींचं वाइंडिंग करणारी दुकानं तू रोज बघतेस, काम त्याच जातीचं. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते आणि अॅम्प ती मोठी करतो. मिरवणुकीतल्या बेंजोतही हेच असतं. अडचण अशी की ही कॉइल तारेबरोबरच आसपासच्या मोटारी, ट्यूबलाइटचे चोक, वायरिंग या सगळ्यांची घरघरही गोळा करते. तुमच्या घराखाली चार माग चालतात. सिंगल कॉइल पिकअप तिथं गुणगुणत बसेल. गिब्सनच्या सेथ लव्हरनं १९५५ च्या सुमारास यावर तोड काढली: दोन कॉइल शेजारी-शेजारी, उलट दिशेच्या, म्हणजे दोघींनी पकडलेली घरघर एकमेकींना मारते आणि तारेचा आवाज तेवढा उरतो. इंग्रजीत या घरघरीला हम म्हणतात, म्हणूनच नाव हंबकर. निदान ब्रिजजवळचा पिकअप हंबकर बघ.

विजेवरून आठवलं, आणि हे हसण्यावारी नेऊ नकोस. गिटारीच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून अॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अॅम्पच्या प्लगची तिसरी पिन मोडून दोन पिनांवर चालवणारे मी पाहिले आहेत. मग अॅम्पमध्ये बिघाड झाला तर झटका थेट तारांतून हाताला बसतो. जुन्या घरांत तर भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे कधी कधी वायरच नसते. तुमच्या मागांचा वायरमन येईल तेव्हा तुझ्या खोलीतला सॉकेट तपासून घे. गिटार आणण्याआधी.

आता पैसे. तू पंधरा हजार जमवलेस आणि सगळे गिटारीवर घालायला निघालीस. दहाच्या पुढे जाऊ नकोस. तीन-साडेतीन हजारांत दहा वॉटचा छोटा अॅम्प, हेडफोनची जागा असलेला. माग चालू असताना तुझं कुणाला ऐकू जाणार नाही, पण माग बंद झाल्यावर सगळ्या गल्लीला जाईल. उरलेल्यात केबल, कापडी पिशवी, तारांचे दोन सेट. आवाज बदलणारं पेडल एकही नको. खणखणीत, उघड्या आवाजात बोटाची चूक ऐकू येते. सुरुवातीला तीच ऐकायची असते.

‘मुलींचा हात लहान, छोटी घ्या’ असं दुकानदार सांगेल. ऐकू नकोस. फेंडरच्या पद्धतीत तारेची लांबी साडेपंचवीस इंच, गिब्सनच्या पद्धतीत पावणेपंचवीस. पाऊण इंचानं हात मोठा-लहान ठरत नाही. दोन्ही धरून बघ आणि हाताला जी पटेल ती घे.

आपल्याकडे निवड कमी मिळाली तर हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी पुण्याला जा, रात्री परत ये. पण एकाच दुकानात निदान तासभर बस. गिटार बंदुकीसारखी डोळ्याला लावून नेक बघ. वेडावाकडा पिळलेला असेल तर खाली ठेव आणि दुसरी माग. नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. एका हातानं पहिला आणि दुसऱ्या हातानं शेवटचा फ्रेट दाबलास की मध्ये सातव्या-आठव्या फ्रेटपाशी कागद जाईल एवढीच फट हवी. थोडं कमी-जास्त असलं तर घाबरू नकोस, नेकच्या आतली सळई, ट्रस रॉड, फिरवून ते दुरुस्त होतं. मग सगळ्या तारांवरचा एकेक फ्रेट वाजव. कंटाळवाणं काम आहे, दुकानातलं पोरगं जांभया देईल, तरी वाजव. मिरजेचे सितारमेकर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात ना, तो झणकार तिथं दागिना असतो. तोच गिटारीच्या सातव्या फ्रेटवर आला तर रोग. बारावा फ्रेट दाबून आलेला सूर आणि तिथंच तारेला नुसतं बोट टेकवून आलेला सूर, ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर, दोन्ही जुळले पाहिजेत. तारेप्रमाणे ब्रिजचे छोटे स्क्रू मागं-पुढं करून तेही जुळतं, पण दुकानदारालाच करायला लाव. बटणं फिरवताना खरखर येते का, केबलचं टोक हलवलं की आवाज जातो का, तेही बघ.

शेवटचं, आपल्या सोलापूरचं. नेकच्या दोन्ही कडांवरून बोट फिरव. फ्रेटची टोकं बोचतात का? दुकानात नाही बोचली तरी एप्रिल-मेमध्ये बोचतील. आपल्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, धातू आकसत नाही, आणि टोकं बाहेर येतात. ही गिटारीची खोट नव्हे, बारीक कानशीनं घासून टाकता येतं. मात्र पत्र्याच्या खोलीत भिंतीला टांगून ठेवू नकोस आणि कूलरच्या थेट झोतातही नको. पिशवीत, पलंगाखाली ठेव.

घेतलीस की रविवारी संध्याकाळी इकडे ये. नव्या गिटारीवर दुकानातल्या तारा ठेवत नाहीत, आपण त्या काढू, नेक बघू, तारांची उंची लावू. दीड-दोन तास लागतील. अॅलन की आणि कानस माझ्याकडे आहे. नऊ नंबरचा एक सेटही पडून आहे, तेव्हा तुझ्या दोनांतला एक कमी घेतलास तरी चालेल. काकू विचारते आहे, येताना तुमच्याकडची शेंगाचटणी आणशील का.

तुझा,
काका