शिअर बोल्ट सारखा तुटतोय म्हणून कडक बोल्ट टाकू नका

भाऊ, तुमची पोस्ट वाचली. जुना राउंड बेलर (पेंढ्याचे गोल गठ्ठे बांधायचं मशीन) घेतलाय, दिवसाला चार-चार शिअर बोल्ट (जास्त लोड आला की मशीन वाचवायला स्वतः तुटणारे मऊ बोल्ट) तुटतात आणि मिस्त्री म्हणतो कडक बोल्ट टाका, कटकट संपेल. आज टाकणार असाल तर थांबा, मी हेच केलं होतं.

मी भंडाऱ्याकडचा, धानाचं तणस (भाताचा पेंढा) बांधतो. हार्वेस्टर निघून गेला की लोकांना हरभरा पेरायची घाई असते, रोज चार फोन येतात की आमच्या बांधीत कधी येता. त्या गडबडीत बोल्ट तुटला की मला राग बोल्टचाच यायचा. माझ्या मशीनला मऊ 4.6 ग्रेडचा बोल्ट लागतो, मी कडक 10.9 चा टाकला. दीड दिवस मशीन अशी पळाली की मी मिस्त्रीला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी दुपारी गिअरबॉक्समधून खडखड आवाज आला आणि पिकअप (तणस उचलणारा मशीनचा पुढचा भाग) जागेवर थांबला. उघडलं तर क्राऊन-पिनियन या गिअरच्या जोडीचे दात तुटून ऑइलमध्ये पडलेले. 22 हजार गेले आणि ऐन सीझनचे नऊ दिवस गेले. ज्यांच्याकडून मशीनचे पार्ट यायचे त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं की हे मॉडेल आता बंद आहे, नवीन मशीन बघा. नवीन घ्यायची ऐपत असती तर जुनी घेतलीच नसती ना? शेवटी नागपुरात जुन्या गिअरबॉक्समधून जोडी मिळाली.

खरा दोष गिअरबॉक्स खोलल्यावर सापडला. डाव्या बाजूच्या खालच्या रोलरच्या टोकाला, बेअरिंगच्या आत, प्लास्टिकची दोरी गुंडाळून गुंडाळून वितळलेली होती, शाफ्टला काळ्या लाखेसारखी चिकटलेली, हॅकसॉ ब्लेडने कापावी लागली. सील गेलेलं, ग्रीस जळून कोरडं, बेअरिंग हाताने फिरतच नव्हतं. बोल्ट इतके दिवस तेच सांगत होता आणि मी त्याचं तोंड बंद केलं.

म्हणून आधी ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद मशीनला देणारा दांडा) काढा आणि एकेक रोलर हाताने फिरवून बघा. मागचं दार वर करून आत हात घालायचा असेल तर दाराचं लॉक लावल्याशिवाय घालू नका, हायड्रॉलिकच्या भरवशावर तर अजिबात नाही. मग दहा-पंधरा गठ्ठे बांधून मशीन थांबवा आणि सगळी बेअरिंग तपासा, एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर तेच. मी तापमान बघायची गन घेतलीय, हात भाजत नाही. सुक्या तणसात गरम बेअरिंग म्हणजे आग, पाण्याचे दोन कॅन नेहमी सोबत ठेवा.

बेअरिंग सगळी ठीक निघाली तर मग चालवण्याकडे बघा. पीटीओ कमी रेसवर जोडायचा आणि हळूहळू मिनिटाला 540 फेऱ्यांवर न्यायचा, एकदम रेसवर जोडला तर चांगल्या मशीनचाही बोल्ट जातो. सकाळी दव असताना घुसू नका, ओलं तणस रोलरला गुंडाळतं आणि गठ्ठा आतून तापतो, नंतर बुरशी येते. तणसाची ओळ जाड असेल तर स्पीड कमी करा.

चेनला ग्रीस लावू नका असं माझं मत आहे, धूळ चिकटून ती कानशीसारखी घासते. संध्याकाळी चेन गरम असतानाच ऑइल द्या, तेही जळकं नको. आणि प्लास्टिक दोरी मी सोडली, जूटची सुतळी महाग पडते पण गाईच्या पोटात दोरी गेलेली मी बघितलीय.

मी मेकॅनिक नाही, फक्त माझ्या मशीनचं सांगतोय. तुमच्या मशीनच्या पुस्तकात बोल्टचा जो ग्रेड असेल तोच टाका, पुस्तक नसेल तर तुटलेला मूळ तुकडा घेऊन दुकानात जा, त्याच्या डोक्यावर नंबर असतो. आणि आधी रोलरची टोकं उघडून बघा, काय निघालं ते फोटो टाकून सांगा.