करवत चालवणारा पक्षी

प्रश्न : ताई, मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतोय. त्यात लायरबर्ड नावाचा पक्षी कॅमेऱ्याचा खटका, मशीनची करवत, सगळं हुबेहूब काढतो. हे खरं आहे का? मुलगा विचारतो, हा ठाण्यात आला तर रिक्षाचा आवाज काढेल का? – एक वाचक, वर्तकनगर

उत्तर : काढेल की! पण पिंजरा रिक्षा स्टँडशेजारी ठेवावा लागेल. ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयात ‘चुक’ नावाचा लायरबर्ड होता. नावावर जाऊ नका, हातोडी आणि ड्रिलची त्याची नक्कल बिनचूक होती. सिडनीच्या तारोंगा प्राणिसंग्रहालयातला दुसरा एक २०२१मध्ये तान्ह्या बाळासारखा रडायचा. हे दोघेही माणसांत राहिलेले.

आग्नेय ऑस्ट्रेलियाच्या जंगलातला लायरबर्ड मात्र मुख्यतः इतर पक्ष्यांच्याच नकला करतो. जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा. तेव्हा नर शेपूट डोक्यावरून पुढे पसरून तासन्‌तास गातो. कूकाबुरा या पक्ष्याचं खिदळणं त्यात असतंच. व्हिपबर्ड या पक्ष्यात नर चाबकासारखा फटकारा मारतो आणि मादी लगेच उत्तर देते. लायरबर्ड एकटाच दोघांचं म्हणतो! नकला माद्याही करतात, पण कौतुक सगळं नराचं. (असो.)

मला सगळ्यात आवडते ती टास्मानियाची गोष्ट. १९३० आणि १९४०च्या दशकांत तिथे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून लायरबर्ड नेऊन सोडले. त्या बेटावर व्हिपबर्ड नाहीत. तरी त्या लायरबर्डांची पिल्लं, पिल्लांची पिल्लं कित्येक वर्षं व्हिपबर्डचा आवाज काढत राहिली. कधी ऐकलाच नव्हता, तर आला कुठून? थोरल्यांकडून. म्हणजे हा पक्षी कानावर पडेल ते उचलतो एवढंच नाही, घराण्याची गायकीही शिकतो.

मुलाला खरा नकलाकार दाखवायचा असेल तर तुमच्या घरापासून येऊरचं जंगल किती लांब? तिथे भृंगराज पक्षी आहे. काळा कुळकुळीत, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांची पाती. एकदा सकाळी मला शिक्रा हा शिकारी पक्षी ऐकू आला. मान मोडेस्तोवर आभाळ धुंडाळलं. दुर्बीण खाली घेतली तर समोरच्याच फांदीवर भृंगराज बसलेला. माझ्याकडे बघत त्याने पुन्हा एकदा शिक्र्याचा आवाज काढला आणि लगोलग स्वतःची शीळ घातली.